भुलेखाली फुप्फुसं जपायची तर व्हेंटिलेटर कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: ५६ वर्षांच्या बाई, उंची १५० सेंमी, वजन ७८ किलो. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, वेळ पावणेदोन तास. व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा) ५५० मिली, रेट (मिनिटाचे श्वास) १२, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब) शून्य, पूर्ण वेळ १०० टक्के ऑक्सिजन, फ्रेश गॅस फ्लो (मशीनमध्ये सतत येणारा ताजा गॅस) मिनिटाला ६ लिटर, मशीन जुनं. टेबलावर सॅच्युरेशन ९९ होतं. रिकव्हरीत मात्र साध्या हवेवर ९०-९१ आणि दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत दोन्हीकडे तळाशी पट्टे. हे व्हेंटिलेटरमुळे झालं का? आणि पीपबद्दल इतकी उलटसुलट मतं वाचायला मिळतात, तर नेमकं ठेवायचं काय?

व्हेंटिलेटरच्या सेटिंगचा यात वाटा आहे, आणि तो टाळता येण्यासारखा होता. या बाईंसाठी मी सुरुवात अशी केली असती: टायडल व्हॉल्यूम ३००-३४० मिली, रेट १५-१६, पीप ५, श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर ऑक्सिजन ४० टक्के, ड्रायव्हिंग प्रेशर (एक श्वास आत ढकलायला लागणारा दाब, तो मोजायचा कसा ते पुढे येतं) १३ च्या आत. सुरुवातीला एकदा रिक्रूटमेंट (थोडा वेळ दाब वाढवून मिटलेलं फुप्फुस उघडणं), शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेला गॅस काढल्यावर पुन्हा एकदा, आणि मग ट्यूब काढेपर्यंत पीप सोडायचा नाही. पुढे दाबाचे आकडे पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये आहेत. पोटातला गॅस, बीपी आणि कार्बन डायऑक्साइड यांचे आकडे तेवढे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.

आधी व्हॉल्यूम, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. टायडल व्हॉल्यूम काट्यावरच्या वजनावर काढायचा नाही, उंचीवर काढायचा. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. उंचीवरून धरायच्या वजनाचं सूत्र किलोत असं: स्त्रियांसाठी ४५.५ + ०.९१ × (उंची सेंमी − १५२.४), पुरुषांसाठी ५० + ०.९१ × (उंची सेंमी − १५२.४). या बाईंचं वजन या हिशेबाने ४३.३ किलो येतं. म्हणजे ५५० मिली हे किलोमागे जवळजवळ १३ मिली झाले. ओटीत कॅल्क्युलेटर काढायचा कंटाळा येत असेल तर स्त्रियांच्या उंचीतून १०७ आणि पुरुषांच्या उंचीतून १०४ वजा करा. नेहमीच्या उंचीच्या रुग्णांत उत्तर सूत्राच्या एखाद्या किलोच्या आतबाहेर येतं. १४५ सेंमीच्या बाईला साधारण ३९ किलो, १६५ च्या पुरुषाला ६१. त्याला ७ ने गुणा, की सुरुवातीचा आकडा मिळाला.

आपल्याकडे हे जास्त जपायला हवं. महाराष्ट्रात १४५ ते १५५ सेंमी उंचीच्या बायका रोज टेबलावर येतात, आणि ‘मोठ्या माणसाला ५००’ ही सवय मुळात उंच पुरुषांच्या हिशेबाची आहे. १७५ सेंमीच्या पुरुषाला ५०० मिली म्हणजे किलोमागे ७ मिली, अगदी योग्य. तेच ५०० मिली १४५ सेंमीच्या बाईला १३ मिली पडतात. जास्तीचा ताण नेहमी बुटक्या आणि जाड बाईच्या वाट्याला येतो, आणि तिच्या केसपेपरवर वजन लिहिलेलं असतं, उंचीचा रकाना कोरा असतो. शिंप्याकडची टेप ओटीत ठेवा. रुग्ण सरळ झोपलेला असताना टाचेपासून डोक्यापर्यंत मोजायला अर्धं मिनिट लागतं.

आता तुमच्या जुन्या मशीनचा मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही पण इथे फार महत्त्वाचा आहे. नव्या मशीनमध्ये फ्रेश गॅस फ्लो बदलला तरी रुग्णाला जाणारा व्हॉल्यूम बदलत नाही, मशीन ती भरपाई स्वतः करतं. जुन्या बेलोजच्या (भात्याच्या) मशीनमध्ये ती सोय नसते. श्वास आत जात असताना जेवढा फ्रेश गॅस येतो तेवढा त्या श्वासात मिसळतो. ६ लिटरचा फ्लो, आय-ई रेशो (श्वास आत आणि बाहेर जाण्याच्या वेळांचं प्रमाण) १:२, म्हणजे मिनिटातला एकतृतीयांश वेळ श्वास आत जातोय. त्या वेळात २ लिटर गॅस आला. तो १२ श्वासांत वाटला की प्रत्येक श्वासामागे १६७ मिली. बेलोजवर ५५० दिसत होते तेव्हा रुग्णाकडे सातशेच्या आसपास जात असणार. नळ्यांच्या ताणात थोडा भाग वाया जातो, तरी किलोमागे १५-१६ मिलीच्या जवळ आपण पोहोचतोच. फ्लो दीड लिटरवर आणला तर हीच भर श्वासामागे ४२ मिलीवर येते. म्हणून अशा मशीनवर बेलोजचा आकडा खरा मानू नका. बाहेर येणाऱ्या श्वासाचा व्हॉल्यूम जो मीटर दाखवतो तो बघा, आणि फ्लो बदलला की पुन्हा बघा. फ्लो कमी ठेवायचा तर ऑक्सिजन अ‍ॅनलायझर चालू हवा आणि सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) ताजा हवा, ही अट आहेच. आणखी एक: या मशीनवर श्वास आत जात असताना ऑक्सिजन फ्लश दाबू नका. फ्लशचा प्रवाह मिनिटाला ३५ ते ७५ लिटर असतो. एका सेकंदात अर्धा लिटरच्या वर गॅस थेट फुप्फुसात जातो.

व्हॉल्यूम कमी केला, पण पीप शून्यच ठेवला, तर काम अर्धवट राहतं आणि उलट नुकसान होऊ शकतं. ते का, हे समजण्यासाठी इंडक्शनच्या, म्हणजे भूल चढवण्याच्या वेळी काय घडतं ते पाहा. उभा माणूस आडवा झाला की श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा पाऊण ते एक लिटरने कमी होते. भूल दिली की छातीचे स्नायू आणि छाती-पोटामधला पडदा सैल पडतात, पोटातले अवयव पडदा वर ढकलतात, आणि आणखी साधारण अर्धा लिटर जातो. पाठीकडचा, पडद्यालगतचा भाग मिटतो. हे फक्त जाड किंवा आजारी रुग्णांत होत नाही. सीटी स्कॅन करून पाहिलं तर दहातल्या नऊ रुग्णांत, तरुण निरोगी माणसांतसुद्धा, इंडक्शननंतर काही मिनिटांत तळाशी मिटलेला भाग दिसतो. जाड माणसात तो मोठा असतो आणि ऑपरेशननंतरही लवकर उघडत नाही. एक्स-रेतले तुमचे पट्टे हेच आहेत.

मिटलेल्या फुप्फुसाला तुम्ही ५५० मिली दिले, तर ते सगळीकडे सारखे जात नाहीत. वरचा, उघडा राहिलेला भाग ते झेलतो आणि ताणला जातो. उघड्या आणि मिटलेल्या भागांच्या सीमेवरचे वायुकोश दर श्वासाला उघडतात आणि दर उच्छ्वासाला मिटतात. ओली प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की ती सोडवायला जसा हिसका द्यावा लागतो तसा हिसका त्यांच्या भिंतींना मिनिटाला १२ वेळा बसतो. ताण आणि हिसका, दोन्हींनी दाह सुरू होतो. व्हॉल्यूम कमी केल्याने ताण कमी होतो. मिटणं थांबत नाही, उलट लहान श्वासांनी ते वाढतं. १९६३ सालीच बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की भुलेखाली एकसारखे उथळ श्वास दिले तर ऑक्सिजन हळूहळू घसरतो, आणि मधूनमधून खोल श्वास दिला की सुधारतो. त्यातूनच मोठ्या टायडल व्हॉल्यूमची पद्धत रुळली. तो निष्कर्ष त्या काळाच्या दृष्टीने बरोबर होता, कारण नेमाने पीप लावण्याची रीत तेव्हा नव्हती. आज मिटणं रोखायला पीप आहे, म्हणून व्हॉल्यूम लहान ठेवता येतो. दोन्ही एकत्रच लावायचे.

पीपबद्दलची मतं उलटसुलट वाटतात, पण चाचण्या एकापुढे एक ठेवल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं. सन २००० मध्ये एआरडीएसच्या (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत किलोमागे ६ विरुद्ध १२ मिली अशी तुलना झाली आणि मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. ते आयसीयूतले आजारी रुग्ण. ओटीतल्या रुग्णांसाठी महत्त्वाची ठरली २०१३ ची फ्रान्समधली इम्प्रूव्ह चाचणी: पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे ४०० रुग्ण, एका गटाला १०-१२ मिली आणि पीप शून्य, दुसऱ्याला ६-८ मिली, पीप ६-८ आणि दर अर्ध्या तासाला रिक्रूटमेंट. गंभीर गुंतागुंत २७.५ वरून १०.५ टक्क्यांवर आली. पण तिथे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. श्रेय कशाचं, हे कळत नव्हतं.

पुढच्या चाचण्यांनी एकेक गोष्ट सुटी केली. २०१४ च्या प्रोव्हिलोत सगळ्यांना ८ मिली, आणि पीप १२ व रिक्रूटमेंट विरुद्ध पीप २ किंवा कमी. ९०० रुग्णांत फुप्फुसाची गुंतागुंत ४० आणि ३९ टक्के, म्हणजे फरक नाही. मात्र जास्त पीपच्या गटात बीपी जास्त वेळा पडलं आणि औषधं जास्त लागली. २०१९ च्या प्रोबीसमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वरचे सुमारे दोन हजार रुग्ण, पीप १२ आणि रिक्रूटमेंट विरुद्ध पीप ४, २१.३ आणि २३.६ टक्के, हाही फरक ठोस नाही. २०२० मध्ये मेलबर्नच्या चाचणीत दोन्ही गटांना पीप ५, आणि व्हॉल्यूम ६ विरुद्ध १०. ३८ आणि ३९ टक्के. पीप ५ असेल तर १० मिलीवरून ६ वर आल्याने फार काही हाती लागलं नाही.

यावरून माझं मत असं बनलं आहे: मोठा व्हॉल्यूम आणि शून्य पीप ही जोडी वाईट, यावर वाद उरलेला नाही, आणि तुमच्या रुग्णाला नेमकी तीच मिळाली. ६ की ७ की ८ यावर भांडण्यात अर्थ नाही. सगळ्यांना सरसकट पीप १२ लावण्यातही नाही. पीप ५ ने सुरुवात करून पुढचं रुग्णाची फुप्फुसं काय सांगतात ते बघून ठरवायचं. ते सांगणारा आकडा म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर.

ड्रायव्हिंग प्रेशर म्हणजे प्लॅटो प्रेशर वजा पीप. मोजायला व्हॉल्यूम कंट्रोल (ठरलेला व्हॉल्यूम देणारा) मोड, स्नायू पूर्ण सैल, आणि इन्स्पिरेटरी पॉज (श्वास आत गेल्यावरचा थांबा) लागतो. मशीनवर पॉज टक्क्यांत असेल तर २० ते ३० टक्के ठेवा. पॉजच्या शेवटी दाबाची रेघ सपाट होते तो प्लॅटो. पीक प्रेशर (श्वासातला सर्वांत जास्त दाब) बघून निर्णय घेऊ नका. पीक आणि प्लॅटोमधलं अंतर वाढलं तर अडचण नळीत आहे: ट्यूब वाकली, रुग्णाने चावली, कफ अडकला किंवा ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनळ्या आवळणं). दोन्ही एकत्र वाढले तर फुप्फुस किंवा छाती कडक झाली: ट्यूब उजवीकडे सरकली, गॅस भरला, फुप्फुस मिटलं, रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) उतरलं, किंवा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा).

समजा तुमच्या बाईंना ३२० मिली आणि पीप ५ दिला आणि प्लॅटो १८ आला. ड्रायव्हिंग प्रेशर १३. आता व्हॉल्यूम न बदलता पीप ८ करा आणि पाच-सहा श्वास थांबा. प्लॅटो १९ आला तर ड्रायव्हिंग प्रेशर ११ झालं. पीप वाढवल्याने मिटलेला भाग उघडा राहतोय, ८ ठेवा. प्लॅटो २१ आला तर १३ च राहिलं, फायदा नाही, परत ५ वर या. प्लॅटो २३ झाला तर १५. तुम्ही उघड्या भागालाच ताणताय, लगेच खाली या. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणतंही वेगळं यंत्र लागत नाही. एकच खबरदारी: एक पीप आणि दुसरा पीप यांची तुलना करताना पोटातला गॅस, टेबलाची स्थिती आणि स्नायूंची शिथिलता तीच हवी.

सॅच्युरेशन ९९ होतं ना, मग कळलं कसं नाही? कारण १०० टक्के ऑक्सिजनवर सॅच्युरेशन काहीच सांगत नाही. फुप्फुसाचा बराच भाग मिटलेला असतानाही ते ९८-९९ राहतं. शिवाय १०० टक्के ऑक्सिजन स्वतःच फुप्फुस मिटवतो: वायुकोश उघडा धरून ठेवणारा नायट्रोजन धुऊन निघतो, आणि जिथे हवा कमी पोहोचते तिथला ऑक्सिजन रक्तात शोषला गेला की तो कोश बसतो. म्हणून इंडक्शनआधी १०० टक्के द्या, त्यात काटकसर नको. ८० टक्क्यांनी प्रीऑक्सिजनेट केलं तर मिटणं कमी होतं हे खरं, पण ट्यूब टाकायला उशीर झाला तर हाताशी असलेला वेळही कमी होतो, आणि जाड रुग्णात तो मुळातच कमी असतो. डोक्याकडची बाजू ३० अंश वर करा, मास्क घट्ट बसवा, जमल्यास त्याच वेळी ५ चा दाब द्या. ट्यूब पक्की झाली, कॅप्नोग्राफवर (बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर) चौकोनी लहरी दिसल्या, की ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आणा आणि सॅच्युरेशन ९४ च्या वर ठेवा. जखमेचा संसर्ग टाळायला ८० टक्के ऑक्सिजन द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे; २०१८ मध्ये तिचा जोर कमी करण्यात आला. फुप्फुसांच्या बाजूने पाहिलं तर मी ४० वरच राहीन.

मशीनला मेडिकल एअर असेल तर एक सुंदर चाचणी करता येते. रुग्ण स्थिर असताना ऑक्सिजन पाच मिनिटं २१ टक्के करा. सॅच्युरेशन ९७ किंवा वर राहिलं तर मिटलेला भाग फारसा नाही. ९६ किंवा खाली आलं तर आहे, आणि रिक्रूटमेंटचा उपयोग होण्याची शक्यता आहे. बऱ्याच छोट्या रुग्णालयांत मशीनला फक्त ऑक्सिजन आणि नायट्रस जोडलेले असतात. नायट्रसही रक्तात झपाट्याने शोषला जातो, त्यामुळे तो नायट्रोजनची जागा घेऊ शकत नाही. एअरचा सिलिंडर आणि रोटामीटर बसवून घेण्यासाठी व्यवस्थापनाकडे हट्ट धरा. महागड्या नव्या मॉनिटरपेक्षा फुप्फुसांना याचा फायदा जास्त होईल.

रिक्रूटमेंट बहुतेक ठिकाणी बॅग दाबून करतात. एपीएल व्हॉल्व्ह (बॅगेतल्या दाबाची मर्यादा ठरवणारा) ३० वर, दहा सेकंद धरायचं, सोडायचं, बॅगवरून व्हेंटिलेटरवर खटका टाकायचा. गडबड त्या खटक्यातच आहे: तो टाकताना सर्किटचा दाब क्षणभर शून्यावर येतो आणि उघडलेलं लगेच मिटू लागतं. म्हणून शक्यतो व्हेंटिलेटरवरच करा. प्रेशर कंट्रोल (ठरलेला दाब देणारा मोड), पीपच्या वर १५ चा दाब, रेट १२-१५. पीप ५ वरून १०, मग १५, मग २०, प्रत्येक पायरीवर चार-पाच श्वास. वरचा दाब ३५ झाला, तिथे पाच ते दहा श्वास, मग पीप पायरी-पायरीने खाली आणत ५ किंवा ८ वर थांबवा आणि पुन्हा ३२० मिलीवर या. बारीक रुग्णाला पीप १५ पर्यंतच, म्हणजे वरचा दाब ३०, बहुतेकदा पुरतो. बीएमआय ४० च्या वर असेल तर ४० लागू शकतो. मशीनला प्रेशर कंट्रोल नसेल तर बॅगच वापरावी लागेल. तेव्हा पीपचा व्हॉल्व्ह आधीच लावून ठेवा, खटका पटकन टाका आणि पुढच्या दोन मिनिटांत ड्रायव्हिंग प्रेशर खरंच उतरलं का ते तपासा. उतरलं नसेल तर रिक्रूटमेंट झालंच नाही.

आधी बीपी बघा. उपाशी, कोरड्या रुग्णात छातीतला दाब वाढला की हृदयाकडे येणारं रक्त घटतं. आवश्यक असेल तर २५० मिली सलाइन, हाताशी फिनाइलेफ्रिन ५०-१०० मायक्रोग्रॅम किंवा मेफेंटरमिन ६ मिग्रॅ भरलेली सिरिंज. सिस्टोलिक ९० च्या खाली गेलं किंवा नाडी मंदावली तर थांबा. पीप खाली आणला की काही श्वासांत बहुतेकदा सावरतं. बुला (फुप्फुसातला हवेचा फुगा), अलीकडचा न्यूमोथोरॅक्स, मेंदूतला वाढलेला दाब, उजव्या हृदयाचा अशक्तपणा असेल तर करूच नका. आणि दर अर्ध्या तासाला घड्याळ लावून करण्याची गरज नाही. जाड रुग्णात इंडक्शननंतर, सर्किट सुटल्यावर, सक्शननंतर, गॅस काढल्यावर, किंवा ड्रायव्हिंग प्रेशर कारणाशिवाय वाढल्यावर करा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत १२ ते १५ मिमी दाबाने गॅस भरला की पडदा वर सरकतो आणि श्वासनलिकेचा दुभाजकही. २१ सेंमीवर नीट असलेली ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये जाऊ शकते. डोकं खाली केल्यावर शक्यता आणखी वाढते. गॅस भरल्यावर आणि टेबल हलवल्यावर दोन्ही बाजूंचा श्वास पुन्हा ऐकायचा, हा नियम करा. सर्जनला विचारा की १० किंवा १२ वर दिसतंय का. रिलॅक्सेशन चांगलं असेल तर बऱ्याचदा दिसतं. गॅस असताना ड्रायव्हिंग प्रेशर १५-१६ झालं म्हणून घाबरू नका. त्यातला बराच भाग पोट आणि छातीची भिंत हलवण्यात खर्च होतो, फुप्फुस तेवढं ताणलं जात नाही. पण गॅस भरण्याआधी आणि काढल्यानंतर ते १३ च्या आतच हवं.

कार्बन डायऑक्साइड वाढेल. तो उतरवायला व्हॉल्यूम नको, रेट वाढवा: १८, फार तर २०. एंड-टायडल (उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड) ४५ पर्यंत निरोगी रुग्णात चालतो. फुप्फुसाच्या धमनीचा दाब किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल तर नाही. रेट वाढवताना फ्लोची रेघ बघा. पुढचा श्वास सुरू होण्याआधी ती शून्यावर आली नाही तर हवा आत अडकतेय. दम्याच्या किंवा बिडी-सिगारेटने खराब झालेल्या फुप्फुसांत १०-१२ चा रेट, १:३ चा रेशो, आणि थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड चालवून घेणं हेच बरं. बुटक्या रुग्णात आणखी एक ठिकाण तपासा: ट्यूब आणि वाय-पीसच्या मध्ये फिल्टर, वर लवचिक कॅथेटर माउंट लावलं की ७०-८० मिली डेड स्पेस (फुप्फुसात न पोहोचणाऱ्या हवेची जागा) सहज होते. ३०० मिलीच्या श्वासातले ८० मिली असे वाया घालवण्यापेक्षा माउंट काढा आणि छोटा फिल्टर लावा.

प्रेशर कंट्रोलवर असाल तर दोन क्षण धोक्याचे आहेत. गॅस भरताच व्हॉल्यूम ३२० वरून २०० वर घसरतो. गॅस काढताच त्याच दाबावर तो ५००-६०० वर उडी मारतो, आणि त्या वेळी सगळ्यांचं लक्ष टाके घालण्याकडे असतं. व्हॉल्यूमचा वरचा आणि खालचा अलार्म लावून ठेवा.

पूर्ण ऑपरेशनभर नीट सांभाळलेलं फुप्फुस शेवटच्या दहा मिनिटांत घालवता येतं, आणि हे फार ठिकाणी होतं. रुग्ण सपाट, ऑक्सिजन १००, पीप शून्य, ट्यूबमधून जोराचं सक्शन, अर्धवट उतरलेलं रिलॅक्संट, आणि श्वास सोडताना ट्यूब बाहेर. यातली प्रत्येक गोष्ट फुप्फुस मिटवते. त्याऐवजी असं करा. गॅस काढल्यावर रिक्रूटमेंट आणि पीप ५. डोक्याकडची बाजू ३० अंश वर. सक्शन घशाचं, तेही भूल खोल असताना; ट्यूबमधलं फक्त स्राव असेल तरच, आणि नंतर फुप्फुस पुन्हा उघडून घ्या. रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला तरी ५ चा दाब ट्यूब काढेपर्यंत चालू. जागा, आज्ञा पाळणारा रुग्ण, आणि ट्रेन-ऑफ-फोर रेशो (नसेला चार झटके देऊन तपासलेला स्नायूंचा प्रतिसाद) ०.९ किंवा वर. रिलॅक्संट उतरवायला निओस्टिग्मिन किलोमागे ०.०४ ते ०.०५ मिग्रॅ, ग्लायकोपायरोलेटसोबत, पण चारही ट्विच दिसू लागल्यावरच. त्याआधी दिलं तर अपुरं पडतं. व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम वापरलं असेल आणि सुगॅमाडेक्स मिळत असेल तर दोन ट्विचवर किलोमागे २ मिग्रॅ. पाच सेकंद डोकं उचललं म्हणून समाधान मानू नका. बराच अंमल शिल्लक असतानाही रुग्ण ते करू शकतो, आणि खोकला मात्र फुसका राहतो. नर्व्ह स्टिम्युलेटर प्रत्येक ओटीत हवा, अगदी दोन खाटांच्या रुग्णालयातसुद्धा.

कुणाला जास्त जपायचं, हे आधी ठरवायला एरिस्कॅट स्कोअर (ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या गुंतागुंतीच्या धोक्याचे गुण) सोपा आहे. वय ५१-८० ला ३, ८० च्या वर १६. साध्या हवेवर सॅच्युरेशन ९१-९५ ला ८, ९० किंवा खाली २४. महिन्याभरात श्वसनाचा संसर्ग १७. हिमोग्लोबिन १० किंवा खाली ११. वरच्या पोटाचा छेद १५, छातीचा २४. दोन ते तीन तास १६, तीनच्या वर २३. तातडीची शस्त्रक्रिया ८. २६ पासून मध्यम धोका, ४५ पासून जास्त. तुमच्या बाई १८ वर, म्हणजे कमी धोक्यात बसतात. त्यांना गेल्या महिन्यात खोकला-ताप होऊन गेला असता तर ३५ झाले असते आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलणं शहाणपणाचं ठरलं असतं. या स्कोअरमध्ये लठ्ठपणा नाही हे ध्यानात ठेवा, बीएमआय ३४.७ असलेल्या या बाईंना मी स्कोअरपेक्षा जास्त जपेन.

आता वॉर्डात असलेल्या या रुग्णाचं. त्यांना बसवा, आज चालवा. वेदना पुरेशी शमली आहे का बघा. वरच्या पोटात दुखत असेल तर कोणी खोल श्वास घेत नाही. पॅरासिटामॉल नियमित, पोर्टच्या जागी भुलीचं इंजेक्शन किंवा टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणं), ओपिऑइड कमीत कमी. स्पायरोमीटरचे तीन गोळे दर तासाला दहा वेळा, आणि उशी पोटाशी धरून खोकायला शिकवा. एवढ्याने सॅच्युरेशन ९४ पर्यंत येत नसेल तर नुसता ऑक्सिजन वाढवत बसू नका. २००५ च्या इटालियन चाचणीत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिजन घसरलेल्यांना ७.५ चा सीपॅप (स्वतः श्वास घेणाऱ्याला सतत दिलेला दाब) दिला तेव्हा पुन्हा ट्यूब टाकावी लागण्याचं प्रमाण १० वरून १ टक्क्यावर आलं. सीपॅप सगळ्यांना सरसकट द्यायचा नाही, घसरलेल्यांना द्यायचा. आणि ४८ तासांनंतरही सॅच्युरेशन ९० च्याच आसपास असेल, नाडी ११० च्या वर असेल किंवा एका पायाला सूज असेल, तर याला ‘भुलेनंतरचं मिटलेलं फुप्फुस’ म्हणून सोडू नका. पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी), अ‍ॅस्पिरेशन आणि फुप्फुसातलं पाणी यांचा शोध त्याच दिवशी घ्या.